अग्निशमन दल : लाल गाडीच्या चित्रापलीकडचा पाठ



परिसर अभ्यासात 'आपले मदतनीस' किंवा 'सार्वजनिक सेवा' शिकवताना पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, सफाई कामगार यांच्या रांगेत अग्निशामकही येतो. पानावर एक लाल गाडी, एक शिडी आणि पाण्याची नळी धरलेला माणूस असतो. खाली वाक्य असतं, 'अग्निशमन दल आग विझवते.' मुलं ते पाठ करतात, रिकाम्या जागेत १०१ लिहितात, एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या घटकाकडे वळतो.

पण हा घटक बाकीच्यांपेक्षा थोडा वेगळा आहे. नद्या आणि पर्वत मुलाने पुढच्या वर्षी शिकले तरी चालतं. आग मात्र आज रात्रीही लागू शकते. आणि बंब कितीही वेगाने आला तरी त्याला यायला काही मिनिटं लागतातच. ती मिनिटं घरातल्यांची असतात, कधी कधी तर एकट्या मुलाची. म्हणून या लेखात दोन गोष्टी एकत्र मांडते आहे : महापालिकेचं अग्निशमन दल प्रत्यक्षात कसं काम करतं आणि ते दारात पोहोचेपर्यंत मुलाला काय माहीत असायला हवं. उदाहरण म्हणून मुंबई अग्निशमन दल घेतलं आहे, कारण त्याचा इतिहास मोठा आहे आणि इतर शहरांतलं कामही साधारण याच पद्धतीने चालतं.

१. हे दल कोणाचं?

वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं 'पोलिसांचं' किंवा 'सरकारचं' म्हणतात. शहरात अग्निशमन सेवा ही बहुधा महानगरपालिकेची किंवा नगरपरिषदेची जबाबदारी असते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी स्थानिक संस्थांकडे कोणती कामं सोपवता येतील याची यादी तिच्यात आहे. रस्ते, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य यांच्याबरोबर अग्निशमन सेवाही त्या यादीत आहे. म्हणजे नळाचं पाणी देणारी, कचरा उचलणारी जी महापालिका, तिचाच हा एक विभाग. मोठ्या मुलांना नागरिकशास्त्राशी हा धागा सहज जोडून दाखवता येतो : घरपट्टी कुठे जाते, तर तिचा एक वाटा या लाल गाडीतही असतो.

मुंबई दलाचं मुख्यालय भायखळ्याला आहे आणि शहर-उपनगरांत ठिकठिकाणी अग्निशमन केंद्रं आहेत. एकाच जागी सगळ्या गाड्या ठेवल्या तर दहिसरला पोहोचेपर्यंत सगळं जळून जाईल, हे मुलांना लगेच पटतं. प्रत्येक केंद्रावर केंद्र अधिकारी, त्यांच्या हाताखालचे अधिकारी, यंत्रचालक म्हणजे गाडी आणि पंप चालवणारा, आणि अग्निशामक असे लोक पाळीनुसार चोवीस तास हजर असतात. दिवाळी, गणपती, ३१ डिसेंबर या दिवशी आपण सुट्टीवर असतो आणि त्यांचं काम वाढलेलं असतं.

ग्रामीण भागातल्या शिक्षकांसाठी एक सूचना. गावात दल नसतंच. आग लागली तर जवळच्या नगरपरिषदेचा, एमआयडीसीचा किंवा साखर कारखान्याचा बंब बोलवावा लागतो आणि अंतर बरंच असतं. तेव्हा आपल्या गावाला बंब कुठून येतो, तो नंबर कोणता आणि यायला किती वेळ लागतो, हे मुलांना ग्रामपंचायतीत जाऊन विचारून यायला सांगा. छान प्रकल्प होतो, आणि मोठ्यांनाही ती माहिती नसते हे लक्षात येतं.

२. १४ एप्रिलचा इतिहास

१४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर 'अग्निशमन सेवा सप्ताह' म्हणून पाळला जातो. त्याचं मूळ मुंबईत आहे. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं मालवाहू जहाज उभं होतं. त्यात शेकडो टन स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी जहाजात आग लागल्याचं लक्षात आलं. अग्निशमन दलाचे लोक पाण्याचा मारा करत राहिले. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, आसपासच्या वस्तीत आगी लागल्या, शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह.

आपल्याकडे अडचण अशी की १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी असते आणि पुढचे दिवस परीक्षांचे. त्यामुळे हा सप्ताह शाळेत बहुधा कागदावरच राहतो. माझा सल्ला असा की एप्रिलमध्ये परिपाठात दोन मिनिटं माहिती सांगावी आणि प्रत्यक्ष पाठ दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात घ्यावा. फटाके, पणत्या, आकाशकंदील, फराळाची कढई हे सगळं तेव्हाच घरात येतं. शिकलेलं लगेच वापरात येतं.

वरच्या वर्गांना आणखी एक घटना सांगता येईल. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढल्यावरही अधिकारी आग आटोक्यात आणण्याचं काम करत होते आणि इमारतीचा भाग कोसळला. या दुर्घटनेत दलाचे चार अधिकारी गेले, त्यात तेव्हाचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. दलाचा सर्वांत मोठा अधिकारीही घटनास्थळी उतरतो, ही गोष्ट मुलांच्या मनात राहते. 'मोठा साहेब म्हणजे खुर्चीत बसणारा' एवढंच चित्र त्यांच्यासमोर असतं.

३. फक्त आग विझवतात?

फळ्यावर मध्ये 'अग्निशमन दल' लिहा आणि भोवती कामं लिहायला सांगा. मुलं 'आग' एवढंच लिहून थांबली की एकेक प्रश्न टाका. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर? पावसाळ्यात झाड गाडीवर पडलं तर? इमारत कोसळली तर ढिगाऱ्याखालच्या माणसांना कोण काढतं? रस्त्यावर तेल सांडून गाड्या घसरायला लागल्या तर? संक्रांतीला मांजात अडकून झाडावर उलटा लटकलेला पक्षी कोण सोडवतं? विहिरीत, नाल्यात, समुद्रात कुणी पडलं तर? गॅसगळती झाली तर? या सगळ्याचं उत्तर एकच येतं आणि फळा भरून जातो.

यापलीकडे न दिसणारं एक काम आहे : आग लागूच नये म्हणून केलेलं. महाराष्ट्रात २००६ चा 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम' आहे. इमारतीत आग विझवण्याची यंत्रणा बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर आहे. ती यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. दलाचे अधिकारी तपासणी करतात, नोटीस देतात. पालकहो, तुमच्या सोसायटीचा फॉर्म बी शेवटचा कधी भरला गेला, हे पुढच्या सभेत एकदा विचाराच.

४. १०१ लावला की पुढे काय होतं?

मुलांना हा भाग गोष्टीसारखा सांगावा. फोन नियंत्रण कक्षात जातो. तिथला माणूस शांतपणे चार-पाच प्रश्न विचारतो : आग कुठे लागली, काय जळतंय, कुणी अडकलं आहे का, जवळची खूण कोणती, तुमचा फोन नंबर काय. माहिती मिळते तसा जवळच्या केंद्रावर इशारा जातो. तिथे घंटा वाजते. जेवत असलेला हातातला घास ठेवून उठतो. गणवेश, गमबूट, शिरस्त्राण चढवून मिनिटभरात गाडी बाहेर पडते. बरंचसं अंगावर चढवणं तर चालत्या गाडीतच होतं.

जागेवर पोहोचल्यावर अधिकारी आधी पाहणी करतो. धूर कुठून येतोय, माणसं कुठे आहेत, वीज बंद झाली का, गॅस कुठे आहे, वारा कोणत्या बाजूचा. पाणी मारायच्या आधी वीजपुरवठा तोडणं महत्त्वाचं, कारण पाण्यातून विजेचा धक्का बसतो. पहिलं काम माणसं बाहेर काढायचं, आग त्यानंतर. मुंबईत आगीची तीव्रता 'लेव्हल'मध्ये सांगतात. बातम्यांत 'लेव्हल दोनची आग' असं आपण ऐकतो ते हेच. लेव्हल वाढली की जास्त गाड्या आणि वरिष्ठ अधिकारी बोलावले जातात.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी काम संपत नाही. आत धुमसत असलेलं सामान पुन्हा पेटू नये म्हणून ते उकरून थंड करत राहावं लागतं. त्याला 'कूलिंग' म्हणतात. चुलीतल्या राखेत सकाळपर्यंत निखारा राहतो, हे उदाहरण आजोळी चूल पाहिलेल्या मुलांना चटकन कळतं.

५. गाडीत काय काय असतं? (गणिताची जोड)

'बंब' म्हटलं की काही मुलांना आजीकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवतो. तो फरक आधी स्पष्ट करा, वर्ग हसतो आणि शब्द पक्का होतो.

दलाकडे एकच प्रकारची गाडी नसते. पाणी आणि पंप असलेली गाडी म्हणजे वॉटर टेंडर. जास्त पाणी आणणारा तो जंबो टँकर. उंच इमारतींसाठी फिरती शिडी किंवा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मची गाडी. कटर, जॅक, दोर अशी साधनं असलेली बचाव गाडी. आणि श्वसन यंत्रं घेऊन येणारी गाडी. अग्निशामकाच्या पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असं आपणही कधी सांगून जातो. ती दाबून भरलेली साधी हवा असते आणि ती साधारण अर्धा तास पुरते. संपत आली की शिट्टी वाजते आणि त्याला बाहेर यावंच लागतं.

आता गणित. नेहमीच्या एका वॉटर टेंडरमध्ये साधारण ४५०० लिटर पाणी मावतं. आपली बादली १५ लिटरची धरली तर किती बादल्या? ३०० बादल्या. मुलांचे डोळे मोठे होतात. पुढचा प्रश्न : नळीतून मिनिटाला ४५० लिटर पाणी जातं असं समजू. टाकी किती वेळात रिकामी होईल? फक्त १० मिनिटांत! दोन नळ्या लावल्या तर ५ मिनिटांत. मग टँकर का लागतो, रस्त्याकडेच्या हायड्रंटवर गाडी लावू नये असं का म्हणतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

याला जोडून मोजमापाचा उपक्रम घ्या. बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर धरा. मुलांना टेप घेऊन शाळेसमोरची गल्ली मोजायला न्या. आधी रिकामी असताना आणि मग शाळा सुटायच्या वेळी, पालकांच्या दुचाकी दोन्ही बाजूंना लागलेल्या असताना. दोन्ही मापं फळ्यावर लिहा आणि बंब जाईल का ते मुलांनाच ठरवू द्या. निष्कर्ष मुलं घरी जाऊन बाबांना सांगतात. आपल्या सूचनेपेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

६. आग का लागते, कशी विझते?

आगीला तीन गोष्टी लागतात : जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता. तिन्ही मिळून त्रिकोण काढा. एक बाजू काढली की त्रिकोण मोडतो आणि आग विझते. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवून दाखवा (हा प्रयोग शिक्षकांनीच करायचा). हवा तुटली, ज्योत गेली. गॅसचं बटण बंद करणं म्हणजे जळणारा पदार्थ काढून घेणं. पाणी मारणं म्हणजे उष्णता काढून घेणं.

मग प्रत्येक आगीवर पाणी का चालत नाही? कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि कुणी पाणी ओतलं तर पाणी तेलाखाली जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असतं. ती उसळते आणि पेटतं तेल घरभर उडवते. उपाय साधा आहे : गॅस बंद, कढईवर सपाट झाकण किंवा ताट सरकवून ठेवायचं आणि थंड होईपर्यंत उघडायचं नाही. कढई उचलून मोरीकडे धावायचं तर मुळीच नाही. हे काम मोठ्यांचं. मुलांनी बाजूला व्हायचं आणि हाक मारायची.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही आणि फोन घराबाहेर जाऊन करायचा. गॅसगळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे.

७. सगळ्यात महत्त्वाचं : लपायचं नाही

या लेखातला एकच भाग वर्गात घ्यायला वेळ असेल तर हा घ्या.

'घरात आग लागली तर तुम्ही काय कराल?' असं तिसरीच्या मुलांना विचारा. 'पाणी टाकीन', 'आईला फोन करीन' ही उत्तरं येतात. पण थोडं थांबलात तर हळू आवाजात दुसरीही उत्तरं येतात. 'पलंगाखाली जाईन.' 'कपाटात बसेन.' 'बाथरूमचं दार लावून घेईन.' मुलांना भीती वाटली की ती लपतात. लपंडावात ती हेच करतात, विजा कडाडल्या की हेच करतात. आगीत मात्र लपणं जिवावर बेततं, कारण अग्निशामक धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत हाताने चाचपडत शोधत असतो आणि मूल हाकेला ओ देत नाही.

मोठी माणसंही हेच करतात. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिल परिसरातल्या आगीत १४ जण गेले. बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते. मृत्यू प्रामुख्याने धुराने गुदमरून झाले. (ही घटना लहान मुलांना सांगायची नाही, ती आपल्यासाठी आहे.) ज्वाळांपेक्षा धूर आधी घात करतो, हे आपण मोठ्यांनीही नीट समजून घ्यायला हवं.

लपण्यामागे आणखी एक कारण असतं. काडेपेटीशी खेळताना पडदा पेटला तर मुलाला आगीइतकीच आईच्या ओरडण्याची भीती वाटते. ते सांगत नाही. दार लावून घेतं. ते पहिले दोन क्षण, जेव्हा आग एका ताटाएवढी असते, तेव्हाच निसटतात. म्हणून पालकहो, एक गोष्ट आजच मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा : 'आग कुणामुळेही लागू दे, तुझ्यामुळे लागली तरी, आधी ओरडत बाहेर ये आणि सांग. मी तुला मारणार नाही, रागावणार नाही.' आणि हा शब्द पाळायचा. दूध सांडल्यावर, काच फुटल्यावर आपण काय करतो त्यावरून मूल ठरवत असतं की आग लागल्याचं आपल्याला सांगायचं की नाही.

तिसरं कारण अग्निशामकाचं रूप. जाड कपडे, शिरस्त्राण, तोंडावर मुखवटा, श्वासाचा खर्र-खर्र आवाज. धुरात हे रूप पाहून लहान मूल आणखी मागे सरकतं. म्हणून चित्रात एकेक वस्तू चढवत दाखवा : हे फायरमन काका, हे त्यांनी बूट घातले, ही टोपी, हा मुखवटा. आत तेच काका आहेत. ते दिसले की 'मी इथे आहे!' असं मोठ्याने ओरडायचं आणि त्यांच्याकडे जायचं.

मुलांकडून पाठ करून घ्यायच्या गोष्टी एवढ्याच :

- लपायचं नाही. बाहेर पडायचं.
- धूर असेल तर खाली वाकून, गुडघ्यांवर रांगत जायचं. धूर वर जातो, बरी हवा जमिनीलगत असते.
- बंद दार उघडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं. गरम असेल तर उघडायचं नाही.
- बाहेर जाता येत नसेल तर दार लावून फटीत ओलं कापड कोंबायचं, खिडकीत जाऊन रंगीत कपडा हलवत ओरडायचं.
- लिफ्ट नाही, जिनाच.
- कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं.
- बाहेर आलं की दप्तर, मोबाईल, मांजर कशासाठीही परत आत जायचं नाही. आत कुणी राहिलं असेल तर फायरमन काकांना सांगायचं.

८. वर्गात घेता येतील असे उपक्रम

पत्ता सांगा. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एक नियंत्रण कक्ष, दुसरं फोन करणारं.

'अग्निशमन दल, बोला.'
'काका, आमच्या चाळीत धूर येतोय.'
'कुठे राहतोस बाळा? पत्ता सांग.'
'शाळेच्या मागे.'
'कोणती शाळा? कोणता विभाग? जवळ मोठी खूण कोणती?'

इथे बहुतेक मुलं अडकतात. स्वतःचं पूर्ण नाव, शाळेचं नाव सांगता येतं, पण घराचा पत्ता येत नाही. मग पत्ता लिहिणं हा भाषेचा पाठ होतो : घर क्रमांक, इमारतीचं किंवा चाळीचं नाव, रस्ता, विभाग आणि एक ठळक खूण. समोरून 'ठेव' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हेही याच खेळात शिकवा. १०१ लागला नाही तर ११२, हेही. आणि गंमत म्हणून फोन केला तर ती गाडी दुसऱ्या कुणाच्या घरी उशिरा पोहोचेल, एवढं एक वाक्य पुरतं.

घराचा नकाशा. भूगोलाच्या वहीत घराचा साधा आराखडा काढायचा. दारं-खिडक्या दाखवायच्या. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायचा रस्ता हिरव्या बाणाने. एकाच खोलीचं घर असेल तरी दाराजवळ काय ठेवलंय ते काढायला सांगा. दारातच गॅस आणि स्टोव्ह असेल तर ती चर्चा घरात व्हायला हवी. बाहेर भेटण्याची एक जागा ठरवायची : पिंपळ, किराणा दुकान, पाण्याची टाकी.

रांगण्याचा सराव. दोन मुलांनी एक चादर कमरेएवढ्या उंचीवर ताणून धरायची. चादर म्हणजे धूर. बाकीच्यांनी तिला डोकं न लावता खालून रांगत दारापर्यंत जायचं. पहिली-दुसरीला खूप आवडतं.

केंद्राला भेट. मुख्याध्यापकांच्या पत्राने जवळच्या केंद्राकडे परवानगी मागा. मुलांनी प्रश्न आधीच लिहून न्यावेत. एका मुलीने लिहिलेला प्रश्न मला फार आवडला होता : 'तुमच्या स्वतःच्या घरी आग लागली तर कोण येतं?' भेटीच्या मध्येच घंटा वाजून गाडी निघून गेली तर नाराज होऊ नका. त्यापेक्षा चांगला पाठ नाही.

मुलींसाठी मुद्दाम एक गोष्ट सांगा. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या महिला म्हणजे हर्षिनी कान्हेकर. मुंबई दलातही आता महिला अग्निशामक आहेत. 'फायरमन काका' म्हणताना 'फायर ताई'सुद्धा म्हणूया.

९. शाळा आणि शिक्षकांसाठी

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली. स्वयंपाकाच्या जागेत सुरू झालेली आग गवती छपराला लागली होती. त्यानंतर एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांसाठी अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. त्यात आग विझवण्याची साधनं आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण यांचा समावेश आहे. तेव्हा आपण प्रत्येकाने आपल्या शाळेत या गोष्टी एकदा डोळ्यांनी पाहाव्यात :

भिंतीवरच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? पुन्हा भरण्याची तारीख उलटली आहे का? तो कुलूपबंद खोलीत तर नाही? आपल्याला वापरता येतो का? पिन ओढायची, तोटी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवत राहायचं. आतली पूड काही सेकंदच पुरते, त्यामुळे आग छोटी असेल तरच, आणि आपली पाठ बाहेरच्या दाराकडे ठेवून. शिवाय : दुसऱ्या जिन्यात तुटकी बाकं रचलेली आहेत का? पोषण आहाराची खोली वर्गांना लागून आहे का? सरावाच्या वेळी हजेरीपट किंवा पटसंख्येचा कागद घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे बाहेर मोजणी होते. चालायला अडचण असलेल्या मुलाचा हात कोण धरणार, हे आधी नावानिशी ठरलेलं असावं.

भाजलं तर काय करायचं, हेही एका वाक्यात : वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं आणि दवाखान्यात न्यायचं. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८.

१०. स्वाध्याय

१. अग्निशमन दलाची आगीव्यतिरिक्त पाच कामे लिहा.
२. पेटलेल्या तेलावर पाणी का टाकू नये?
३. धुरातून जाताना रांगत का जावे?
४. ९००० लिटरचा टँकर १५ लिटरच्या किती बादल्यांएवढा?
५. तुमच्या घराचा पत्ता ठळक खुणेसह मोठ्याने सांगा. (तोंडी)
६. मोठ्यांशी बोला : आपल्या इमारतीत किंवा गल्लीत बंब आत येऊ शकेल का? येत नसेल तर काय हलवावं लागेल?

पाचवा प्रश्न तोंडीच घ्या आणि प्रत्येक मुलाचा घ्या. पट मोठा असेल तर रोज पाच मुलं, आठवड्याभरात बराचसा वर्ग होतो. पत्ता अडखळत सांगणाऱ्या मुलाच्या पालकांना वहीत दोन ओळी लिहून पाठवा. बाकीचा पाठ मुलं विसरली तरी चालेल. पत्ता सांगता आला आणि लपायचं नाही हे लक्षात राहिलं, तर या घटकाचं काम झालं.

तुमच्या शाळेत हा घटक कसा घेता, जरूर कळवा.